तोरल वळून बघत नाही

सातव्या हाकेलाही तोरल वळली नाही, तेव्हा माझी आई, आमची बा, झोपाळ्यावरून म्हणाली, "हर्षिदा, घसा बसेल तुझा. पोर शांत खेळतेय ना आपली? मग कशाला मागे लागलीस तिच्या?"

पोर खेळत होती हे खरं. दहा महिन्यांची माझी भाची चटईवर बसून डब्याचं झाकण फिरवत होती. झाकण गरगरायचं, लडखडायचं, पडायचं, की ती परत फिरवायची. नेहमीसारखी रविवारची मी या घरी आले, तेव्हापासून पाऊण तास तेच चाललं होतं. मी तिच्या पाठीमागे चार हात अंतरावर बसले होते आणि हाका मारून मारून ते नाव मलाच परकं वाटायला लागलं होतं. नाव मीच ठेवलेलं. मी तिच्या बापाची मोठी बहीण, म्हणजे तिची फोई, आणि बाळाच्या नावाचा मान आमच्याकडेही फोईचाच.

"बा, ती शांत नाहीये. हाक पोचतच नाहीये तिला."

"बहिरी म्हणतेस माझ्या नातीला?"

"बहिरी नाही गं. कुकरची शिट्टी झाली की दचकते. बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की लगेच बघते. पण आपण बोलावलं तर..."

"म्हणजे ऐकू येतं. संपलं की मग!" बाने पायाने झोपाळ्याला झोका दिला. "लोकांची पोरं किंचाळून घर डोक्यावर घेतात. आपली एवढी डाही, एवढी समजूतदार, तर तुला तेही बघवत नाही."

डाही. त्या शब्दाचा मला त्या वर्षी वीट आला. जामनगरातल्या आमच्या गल्लीत जो येईल तो म्हणायचा, किती शहाणी मुलगी, कुणाकडेही जाते, रडत नाही, आईसाठी हट्ट करत नाही. कुणाकडेही जात होती, कारण कोण घेतंय याच्याशी तिला घेणंच नव्हतं. दहा महिन्यांचं मूल अनोळखी माणसाच्या कडेवर जाऊन आईकडे एकदाही मान वळवून बघत नाही, यात कौतुक करण्यासारखं काय आहे, हे मला कुणी सांगेल का?

माझं हे सगळं पुस्तकी नव्हतं. मी सोळा वर्षं बालमंदिरात शिकवते. आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात रूही नावाची मुलगी होती. बोललं तरी बघायची नाही, रांगेत उभी राहायची नाही. मी तिला उद्धट समजले. वर्षभर कोपऱ्यात बसवलं. पुढे तिची आई अहमदाबादहून कागद घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवून रडली. ऑटिझम. आपल्यात स्वमग्नता म्हणतात तो. त्यानंतर मी मिळेल तिथून माहिती काढली, शिबिरं केली. वर्षाच्या आसपास मूल नावाला वळतं, हवं ते बोटानं दाखवतं, आपण बोट दाखवू तिकडे बघतं, आवाजाला आवाज देतं, टाटा करतं. एखादी गोष्ट मागेपुढे होते, त्याचं काही नाही. पण सगळंच नसेल तर थांबू नये, दाखवून घ्यावं. एवढं साधं होतं.

साधं म्हणजे माझ्या घरच्यांना सोडून सगळ्यांना.

माझा भाऊ केयूर पितळेच्या नटबोल्टांचा छोटा कारखाना चालवतो. त्याला गाठून मी बोलले, तर तो हसायलाच लागला. "मोटीबेन, मी साडेतीन वर्षांचा झाल्यावर बोललो. विचार बाला."

"तू बोलत नव्हतास, पण दिसेल त्याच्याकडे बोट करून 'ऊं ऊं' करायचास. मी उचलून उचलून थकायचे. ती बोट करते का?"

"करेल."

"कधी?"

"वेळ येईल तेव्हा. तू काय मुहूर्त काढून आली आहेस?"

शेवटी मी त्याला ओढत ओढत बालरोगतज्ज्ञाकडे नेलं. बाहेर चाळीस पेशंट. डॉक्टरांनी तोरलला वजनकाट्यावर ठेवलं, छातीला नळी लावली, दात मोजले. "नऊ किलो. बसते, रांगते, खाते. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

मी म्हटलं, "साहेब, ती बघत नाही."

"आत्ता माझ्याकडे बघितलं की."

"तुमच्या चष्म्याकडे बघितलं."

त्यांनी केयूरकडे पाहिलं, पुरुष पुरुषाकडे बघतो तसं. "काही मुलं उशिरा बोलतात. तीन वर्षांपर्यंत काळजी करू नका. आणि घरातल्या बायकांना मोबाईलवर कमी वाचू द्या."

परतताना केयूरने विजयी मुद्रेनं पावशेर सुकी कचोरी घेतली आणि रस्ताभर कुरूम कुरूम खात मला ऐकवलं.

मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं. कारण माझ्या बडबडीमुळे घराला काळजी लागली, पण भलतीकडून. शेजारच्या शारदामासीने पोपटानं उष्टावलेला पेरू आणून दिला, जीभ सुटते म्हणून. कुणाचा पोपट, कुठल्या पिंजऱ्यातला, काही पत्ता नाही. तो मी गटारात टाकला तर महिनाभर अबोला. बा नवस बोलली, नात बोलेपर्यंत गूळ खाणार नाही. आमच्याकडच्या डाळीत गूळ नाही म्हणजे काय, ते गुजराती घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. रोज दोन पातेली. बा बिनगुळाची डाळ भुरकून तोंड वाकडं करायची आणि माझ्याकडे बघायची, जणू तिच्या जिभेची चव मीच हिरावून घेतली.

आणि मग जोशीबुवा आले. पत्रिका पसरली, डोळे मिटले, आणि निघालं काय, तर मुलीची रास मकर आणि नाव तूळ राशीचं. फोईने रास सोडून नाव ठेवलं, म्हणून मूल नावाला ओ देत नाही.

"बघ!" बा म्हणाली. "तुला तोरलच हवं होतं. मी तेव्हाच म्हणत होते, ख किंवा ज वरून ठेव."

"बा, दहा महिन्यांच्या मुलीला स्वतःची रास कशी कळेल?"

"तिला नाही कळत. ग्रहांना कळतं."

या माणसांशी वाद घालायचा तरी कुठून? ठरलं, पहिल्या वाढदिवसाला नाव बदलायचं. ख्याति.

या सगळ्यात माझी भावजय, झंखना, एक शब्द बोलली नव्हती. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला मूल झालं होतं. ती सात वर्षं या घरात आणि या गल्लीत तिनं काय काय ऐकलं, त्यातलं बरंच माझ्यासमोरच झालेलं. मी तोरलच्या तक्रारी सांगायला लागले की ती उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, हिलाही कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नाही. मनातल्या मनात मी तिच्यावर सगळ्यांपेक्षा जास्त चिडले होते. आई असून हिला दिसत नाही?

वाढदिवसाला पन्नास माणसं. जोशीबुवांनी काहीतरी म्हटलं, आणि बाने आधी हाक मारली, "ख्याति! ए ख्याति!"

तोरल वळली.

झटकन वळली. घर टाळ्यांनी दणाणलं. शारदामासीने दृष्ट काढत कानशिलांवर बोटं मोडली. केयूर ओरडला, "मोटीबेन, बघितलंस का? आता बोल!" त्याने स्वतः हाक मारली, ती परत वळली. कुणीतरी मला पेढा भरवला. तो गिळता गिळता मी खरंच विचार करत होते, की आपणच वेडे आहोत का? दोन महिने ओरडतोय, आणि नाव बदलल्याबरोबर...

तिसऱ्यांदा हाक मारायला शारदामासी पुढे झाली तेव्हा मी तोरलकडे नाही, तोरलच्या मागे बघत होते. मागे झंखना उभी होती. हसत होती. तिचा उजवा हात कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यावर होता. मासीने "ख्या" म्हणताच तिची बोटं हलली, जुडगा खुळखुळला, आणि पोर वळली.

नावाला नाही. किल्ल्यांना.

मी पाहुणे जेवायला बसेपर्यंत कशीबशी थांबले. मग झंखनाला कोठीच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. "किती दिवस करतेयस हे?"

ती 'काय?' असं विचारणार नाही हे मला माहीत होतं. तिने विचारलं नाही. तेलाच्या डब्यावर बसली.

"लोकांसमोर आजच. एकटी असताना दिवाळीपासून करून बघतेय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"बेन, तुम्हाला दहाव्या महिन्यात कळलं. मला सहाव्यात कळलं." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती. "दूध पिताना ती कधी माझ्या तोंडाकडे बघायची नाही. कानातल्या डुलाकडे बघायची. मी डूल काढून ठेवले, तर भिंतीकडे. मी हसले तर हसायची नाही. मी म्हटलं, मलाच नीट हसता येत नसेल. आरशासमोर उभी राहून हसून बघितलं मी, बेन."

तरी माझा राग गेला नव्हता. "मग बोलली का नाहीस? मी एकटी गळा फाडत होते इथे! माझ्या बाजूने एक शब्द बोलली असतीस तर..."

"तुमच्या बाजूने?" आता तिचा आवाज चढला. "तुम्ही दर रविवारी येता, तिला मध्ये बसवता आणि परीक्षा घेता. हाक मारता, टाळ्या वाजवता, बोट दाखवता. ती नापास झाली की सगळं घर तिच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघतं. बा म्हणतात, पोटुशी असताना हिने ग्रहण बघितलं असेल. हे म्हणतात, तू तिच्याशी बोलत नाहीस. शारदामासी म्हणतात, सात वर्षांनी झालेलं मूल असंच असायचं. तुम्ही शहाण्यासारखं सांगून साडेपाचच्या रिक्षानं घरी जाता. मी इथे राहते. म्हणून किल्ल्या वाजवल्या. निदान वाढदिवस तरी सुखाने जावा."

बाहेर कुणीतरी श्रीखंड वाढा म्हणून ओरडत होतं. मी त्या अंधाऱ्या कोठीत उभी होते आणि इतक्या दिवसांची सगळी चीड, बा-वरची, केयूरवरची, डॉक्टरवरची, फिरून माझ्याच अंगावर आली. रूहीला कोपऱ्यात बसवणारी बाई मी. शिकले असं समजत होते. इथे येऊन मी दुसरीला कोपऱ्यात बसवलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आता काय करायचं, तू सांग."

"राजकोटला एक बाई डॉक्टर आहेत. लहान मुलांची वाढच बघतात, सर्दी-ताप नाही. मी नंबर काढून ठेवलाय." तिने ब्लाउजमधून घडी घातलेला कागद काढला. घामाने त्याचे आकडे पुसट झाले होते. "एकटीला बोलायचा धीर होत नव्हता."

तीन आठवड्यांनी नंबर लागला. घरी सांगितलं, राजकोटला साड्यांचा सेल आहे. केयूर म्हणाला, जामनगरसारख्या बांधणीच्या गावात राहून साड्यांसाठी राजकोटला जाणाऱ्या जगात तुम्ही दोघीच. बसमध्ये तोरल खिडकीच्या गजांवर बोट घासत बसली. एकदाही रडली नाही. शेजारची बाई म्हणाली, "किती शहाणी मुलगी." झंखनाने माझा हात दाबला, नाहीतर मी त्या बाईला काहीतरी बोललेच असते.

डॉक्टरांनी आधी कान तपासायला पाठवलं. तोरल झोपलेली असताना डोक्याला तारा लावून तपासतात तसं. कान उत्तम. मग त्या आम्हा दोघींशी काही न बोलता जमिनीवर तोरलसमोर बसल्या. साबणाचे फुगे काढले आणि मध्येच थांबल्या, ही अजून मागते का बघायला. खेळणं रुमालाखाली लपवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. पाऊण तास. मग झंखनाला विचारत गेल्या, आणि झंखना सहाव्या महिन्यापासूनचं एकेक सांगत गेली, तारखांसकट. मी माझं तोंड मोठ्या कष्टानं मिटून ठेवलं.

"नक्की ऑटिझम आहे, असं मी आज लिहून देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वर्षाच्या मुलात तेवढं खात्रीनं सांगता येत नाही. पण लक्षणं आहेत. अठराव्या महिन्याला परत बघू, नंतर परत. तोवर वाट बघत बसायचं नाही. घरी रोज काम सुरू करा. तिच्या उंचीवर, तिच्या समोर बसा. ती जे करते ते तुम्ही करा. काही मागण्याची संधी द्या आणि थांबा. फुरसतीनं थांबा."

मी न राहवून विचारलं, "आणि हाका? मी दर रविवारी पन्नास वेळा..."

"ते आधी बंद करा," त्या म्हणाल्या. "एवढ्यांदा घेतलेलं नाव तिच्यासाठी पंख्याच्या आवाजासारखं होतं. तिला आवडेल असं काही हातात असेल तेव्हाच घ्या. आणि एकच नाव घ्या, दोन नकोत."

झंखना हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. मी नाही हसले.

घरी सांगायचं तर होतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं होत आल्यावर मी तोंड उघडलं आणि जे व्हायचं तेच झालं. केयूर ताट सरकवून उठला. "कुणाला विचारून नेलीत? माझी मुलगी आहे ती!" बा कपाळाला हात लावून म्हणाली, "झालं समाधान, हर्षिदा? शोधून काढलास एकदाचा रोग? ख्याति म्हटलं की वळत होती पोर, पन्नास माणसांनी बघितलं."

मी उत्तर द्यायला श्वास घेतला, तेवढ्यात झंखनाने कमरेचा जुडगा काढून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला.

"बा, मारा हाक."

बाने मारली. तोरल झाकण फिरवत राहिली. केयूरने मारली. ख्याति म्हणून, तोरल म्हणून, बेटा म्हणून. शेवटी जवळजवळ ओरडून. पोर तशीच. झंखनाने जुडगा उचलून एकदा हलवला. तोरलने मान वळवली, किल्ल्यांकडे बघितलं आणि परत झाकण धरलं.

"वाढदिवसाला मी वाजवत होते," झंखना म्हणाली. "मुद्दाम. तुम्ही माझ्या मुलीला नावं ठेवू नयेत म्हणून. आता मी वाजवणार नाही. तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

मग केयूर चपला न घालताच बाहेर ओट्यावर जाऊन बसला. बा म्हणाली, "मग त्या जोशाला एकवीसशे कशाचे दिले?" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ती थाप होईल. केयूर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका दुपारी मी गेले तर तो कारखान्यातून लवकर येऊन चटईवर तोरलसमोर बसला होता. ती हात फडफडवत होती, आणि हा पंचाऐंशी किलोचा माणूसही तिच्यासमोर हात फडफडवत होता. घामाघूम. बा झोपाळ्यावरून मला म्हणाली, "बघ, मुलीपाठोपाठ बापही गेला." केयूरने मान न वळवता सांगितलं, "बा, गप्प. ती माझ्या हाताकडे बघतेय." बघत होती खरी. मग वर, त्याच्या तोंडाकडेही. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच. त्याने ते मला संध्याकाळपर्यंत चार वेळा सांगितलं, मी समोर होते तरी. नावाचं भांडण बाने सोडून दिलं, "तोरल तर तोरल." गूळ मात्र सोडलेलाच ठेवला.

बाविसाव्या महिन्यात राजकोटच्या डॉक्टरांनी कागदावर ऑटिझम लिहिलं. आम्हा चौघांनाही माहीत होतं, तरी तो शब्द छापलेला बघून केयूर जिन्यात बसला. आता तोरल साडेचार वर्षांची आहे. तिला वीसेक शब्द येतात. पाणी हवं असेल तर हात धरून माठापर्यंत नेते, आणि आता बोटही दाखवते, तिसऱ्या वर्षी शिकली. बोट पहिल्यांदा दाखवलं ते छतावरच्या पालीकडे. बाने त्या पालीला मारू दिलं नाही. माझ्या बालमंदिरात ती रोज दोन तास येते. आठवड्यातून तीनदा झंखना तिला घेऊन थेरपीसाठी जिल्हा केंद्रात जाते, तिथे कधी शिकवणाऱ्या बाई आलेल्या असतात, कधी नसतात, कधी केंद्रालाच कुलूप. त्यावर मी चिडून अर्ज लिहिते. माझ्या अर्जांची एक फाईल झालीय, आणि कुठल्याच अर्जाला उत्तर नाही. लोक अजून विचारतात, बरी कधी होणार? औषध नाही का यावर? मोठ्या डॉक्टरला दाखवलं नाही का? आधी मी समजावून सांगायचे. आता झंखना सांगते, माझ्यापेक्षा थोडक्यात.

काल रविवार होता. नखं कापायची होती. तोरलला नेलकटरचा आवाज सहन होत नाही, म्हणून दर पंधरा दिवसांनी आमच्या घरात युद्ध होतं. केयूरने तिला मांडीवर धरलं होतं, झंखना बोटं धरत होती, मी कापत होते. तोरल किंचाळत होती, तिने माझ्या मनगटाला चावा घेतला, मग केयूरच्या दंडाला. बा झोपाळ्यावरून सूचना देत होती, आधी अंगठा घे, तिरकं नको, ते बघ किती खोल कापतेयस. शारदामासी दारातून डोकावून म्हणाली, झोपेत का नाही कापत? मी म्हटलं, झोपेत पहिल्या नखालाच जागी होते, मासी, चार वेळा सांगून झालंय. माझ्या केसांचा अंबाडा सुटला होता, झंखनाच्या कपाळावरून घाम टपकत होता, केयूर म्हणत होता, सोडा आता, पुढच्या रविवारी बघू. झंखना म्हणाली, "अजिबात नाही. परवा तिने स्वतःचाच गाल ओरबाडला." तिने तोरलसमोर तोंड नेलं, तिच्याइतकंच मोठ्यानं ओरडली, आणि तोरल क्षणभर चकित होऊन थांबली.

"बेन, आत्ता," झंखना म्हणाली. मी एक नख कापलं. अजून सात बोटं बाकी होती.